बारा पस्तीसचा ठराव

आमच्या गावातली लग्नं उशिरा लागायची त्याला कारण मी, असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. एकट्यानं केलं असं नाही, पण बाकीच्यांची पापं कुजबुजीत झाली आणि माझं सगळं पाप माईकवर झालं. ते अर्ध्या शिवारानं ऐकलंय. नाकबूल करायची सोय नाही.

गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव. शाळेत मी क्लार्क. पण आमच्याकडं शाळेत खुर्चीवर बसणाऱ्या कोणालाही सर म्हणतात, म्हणून मीही सर. वर्गात कधी पाय टाकला नाही, टाकला असता तर पोरांचं नुकसानच झालं असतं. देवानं मला अक्कल बेताची दिली आणि आवाज मात्र दोन माणसांचा. एका लग्नात माईकवर बोलणारा जेवायला गेला तो आलाच नाही, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सर, तुमी धरा." धरला. तो पुढं अठरा-वीस वर्षं सोडला नाही.

आता आमच्या भागातली रीत सांगितली पाहिजे. लग्नाचं निमंत्रण साहेबांना जातंच. साहेब म्हणजे कोण हे विचारू नका, त्या त्या वेळी जे असतील ते. पत्रिकेवर त्यांचं नाव नवरदेवाच्या नावापेक्षा ठळक. पंचांग काहीही म्हणो, मुहूर्त बारा पस्तीसचा छापायचा, आणि साहेब आल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही. साहेब आले की आधी सत्कार, मग शुभाशीर्वादाचं भाषण, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांची नावं, मग ज्यांची नावं राहिली त्यांचा रुसवा काढायला पुन्हा नावं. त्यानंतर जमलंच तर लग्न.

हे सगळं चालवायचं काम माझं. साहेबांच्या माणसाचा फोन यायचा, "मांजरसुंब्याला आलेत, थांबवा." मांजरसुंब्याहून आमच्या गावाला यायचं म्हणजे बीड ओलांडून वर यायचं, तास-दीड तास कुठं गेला नाही. शिवाय आमच्याकडं उशीर करणारा माणूस नेहमी मांजरसुंब्यालाच असतो. अंघोळ करत असला तरी मांजरसुंब्यालाच असतो. हे मला माहीत, मांडवाला माहीत, बुंदीवरच्या माश्यांनाही माहीत. तरी मी माईकवर म्हणायचो, "पाचच मिनिटांत साहेबांचं आगमन होत आहे, मंडळींनी जागा सोडू नये."

चुकाही केल्या. एका साहेबांचं मी त्यांच्या पक्षाचं नाव घेऊन दणदणीत स्वागत केलं, तर त्यांनी त्याच दिवशी सकाळी पक्ष बदललेला. मला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा पांढऱ्या कपड्यातला एक माणूस घाईनं मांडवात शिरला, मी त्याला शेजारच्या गावचे सरपंच समजून स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणालो. तो बोललाही. म्हणाला, "लेकरांनो सुखी ऱ्हावा, आन् मला जाऊ द्या, जनरेटर बंद पडलंय." तो जनरेटरचा मिस्त्री होता. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण त्याचंच झालं असं लोक अजून म्हणतात.

गावात पहिल्यांदा माईक आला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, गाव सुधारलं. आता कळतं की माईकमुळं फक्त आमचं जुनं वागणं मोठ्यानं ऐकू यायला लागलं. आधी मोठ्या माणसासाठी शंभर लोक ताटकळायचे, माईक आल्यावर हजार ताटकळायला लागले. यंत्र नवं, कणा तोच, वाकलेला. हे शहाणपण मला त्या वेळी नव्हतं. ते यायला एका पोरीची हनुवटी फुटावी लागली.

गावाच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याला सगळं गाव आबा म्हणतं. आबांच्या नातीचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात. ती माझ्या लेकीची मैत्रीण, दोघी एका बाकावर शिकलेल्या. लेक बीडहून नर्सिंगचं कॉलेज बुडवून आली होती. मांडव पत्र्याचा नव्हे, कापडाचा. पत्रिकेवर बारा पस्तीस. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना बोलावलं होतं, तेही सरपंच म्हणाले म्हणून.

सरपंचांना आम्ही दादा म्हणतो. जमीन भरपूर, मन त्या मानानं बरं, पण साहेबांचा फोन वाजला की उभं राहून बोलणारा माणूस. दादांनी मला खूण केली. मी सुरू झालो, "पाचच मिनिटांत." एक वाजला. "पाचच मिनिटांत." दोन वाजले. नवरी स्टेजवर उभी केलेली, कारण साहेब आले आणि नवरी जागेवर नाही असं व्हायला नको. लग्न लागेपर्यंत नवरीनं काही खायचं नाही, ही आणखी एक रीत. अडीचच्या सुमाराला मी एका माजी सभापतींचं नाव घेत होतो आणि मागं धप्प आवाज झाला. मला वाटलं फुलांची कमान पडली. वळून बघितलं तर नवरी. हनुवटी स्टेजच्या लोखंडी कडेवर आपटून फुटलेली.

माझी लेक तिच्याजवळ बसली, पाय वर धरायला लावले, ओढणी ओली करून मानेला लावली, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हिनं सकाळपासून काय खाल्लंय?" तिला माझा आवाज मिळालाय, हे मला त्या दिवशी कळलं.

वऱ्हाडात एक डॉक्टर होते. त्यांनी तीन टाके घातले. सव्वातीनला साहेब आले. नवरीच्या पट्टीकडं बघून म्हणाले, संसारात असे लहानमोठे प्रसंग येतच असतात, संयम ठेवायचा असतो. आणि मी माईकवर म्हणालो, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

लग्न लागलं. पंगती उठल्या. मी माईकची वायर गुंडाळत होतो. आबा माझ्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं. साध्या आवाजात म्हणाले, "सर, एक इचारू?"

"विचारा की आबा."

"बारा वाजले का आमी मेंढरं झाडाखाली नेतो. उन्हात उभी करीत न्हाई. जनावर हाय, मरून जाईल." आणि म्हणाले, "मंग माज्या नातीला कावून उभं केलं?"

मला दोन माणसांचा आवाज आहे म्हणालो ना. त्या वेळी एकाचाही निघाला नाही.

घरी लेक आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आईमार्फत निरोप चालायचे. "पप्पांना सांग चहा झालाय." मी समोरच बसलेला. नवव्या दिवशी मीच म्हणालो, "अगं, चुकलं माझं. तुझ्या लग्नात असं होऊ देणार नाही. तुझं बरोबर बारा पस्तीसला लावतो, बस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं हेडमास्तर माझ्या हिशोबाच्या वहीकडं बघतात. "एकटीचं लावून काय उपयोग, पप्पा? लोक म्हणतील, सरांना माज आला. आणि आबांनी तेव्हा नाही म्हणायचं ठरवलं असतं, तर कशाच्या जोरावर म्हटलं असतं? दादांपुढं त्यांचं तोंड उघडतं का? सगळ्यांसाठी नियम करा. नियम असला की आबांना भांडावं लागत नाही, नुसतं बोट दाखवलं की झालं."

"गाव ऐकंल का?"

"ते मला माहीत नाही. पण माझ्या लग्नात कोणासाठी मुहूर्त टळला तर मी मांडवातून उठून जाईन. बीडची बस पकडीन. हे मात्र माहीत आहे."

ती खोटं बोलत नाही. लहानपणी खोटं बोलावं म्हणून मी तिला पेढा देऊन बघितलाय, तिनं पेढा खाल्ला आणि खरंच बोलली.

ग्रामसभेत मी उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं, माझ्या आवाजानं सभा गार होईल. हशा झाला. मी वाचलं, "ठराव असा, की गावातल्या कुठल्याही लग्नात मुहूर्ताच्या वेळेला अक्षता पडतील. कोणासाठीही थांबणार नाही. भाषण नाही, सत्कार नाही. माईकवर फक्त मंगलाष्टका."

मागून एकजण ओरडला, "आन् सर, तुमी काय करणार मंग? वाढपी होणार का?"

दुसरा म्हणाला, "सौ उंदीर खाऊन मांजर हजला निघाली वाटतं!"

दादा हसत नव्हते. "म्हंजी साहेबांना बोलवायचं, आन् ते यायच्या आत उरकायचं? इज्जत हाय का न्हाई गावाची? रस्ता पाहिजे, टाकी पाहिजे, तवा कोणाकडं जाता?"

मी घरून चार उत्तरं लिहून आणली होती, चारीही दुसऱ्याच प्रश्नांची. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आमच्या गल्लीतली एक म्हातारी उठली. तिला सगळे मावशी म्हणतात. ती ग्रामसभेला येते ती सावलीला येते असं आम्ही समजायचो.

"दादा, माज्या लग्नात दोन पंगती व्हत्या," ती म्हणाली. "एक मांडवात, एक भाईर धुरळ्यात. ह्या आबाचा बाप धुरळ्यात बसला व्हता. मंग एका लग्नात एकजण आपलं ताट उचलून भाईर जाऊन बसला त्यांच्यात. म्हनला, एक पंगत करा, न्हाईतर मी बी हितंच. लई आरडाओरडा झाला. गावाची इज्जत गेली म्हनले लोकं. आता हाय का कुठं दोन पंगती?"

"न्हाई," कोणीतरी म्हणालं.

"तुमाला आठवतंय का तरी, की व्हत्या?"

खरंच, आमच्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं. मला वाटायचं पंगत एकच असते, भाकरी गोल असते तशी. ती तशी कोणीतरी केलेली आहे, कोणीतरी आपलं ताट उचललं होतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मी विचारलं, "मावशी, कोण होता तो?"

तिनं खूप आठवलं. "नाव न्हाई ध्यानात. लोकं हसले व्हते त्याला, इतकं ध्यानात हाय."

त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मला तर सगळे हसतच होते. म्हणजे अर्धं काम झालेलं होतं.

आबा उठले. कधी सभेत बोलले नव्हते. "आमच्या वस्तीला मंजूर हाय," एवढं म्हणून बसले. मग हात वर यायला लागले, बायकांचे आधी. दादांनी ग्रामसेवकाला सांगितलं, "घ्या लिहून. ठराव काय, लई पडलेत कपाटात."

दादांचं बरोबर निघालं. पहिल्या दोन लग्नांत ठराव कपाटातच राहिला. "एवढ्या बारीला जाऊ द्या सर, पोरीकडचे लांबून आलेत." मी मान हलवून जाऊ दिलं. तिसरं लग्न दादांच्या पुतण्याचं. मी ठरवून माईक एका पोराकडं दिला आणि मागच्या रांगेत बसलो. बाराच्या पुढं काटा गेला, मांडवात चुळबुळ सुरू झाली, माईकवाल्या पोराची जीभ अडखळायला लागली, आणि दादांनी लांबून माझ्याकडं बघून भुवई उचलली. बस, एवढंच. मी कधी उठलो, कधी स्टेजवर चढलो, मला सांगता येणार नाही. कानावर एक दणदणीत आवाज आला, "पाचच मिनिटांत साहेबांचं आगमन होत आहे..." आणि तो माझाच होता.

मांडव इतका हसला की बाहेरची कुत्री उठली. मागून आवाज आला, "ठराव कुणाचा बे? सरांचा! मोडला कुणी बे? सरांनी!" माझी लेक उठून निघून गेली.

नवी कल्पना काढणारा माणूस थोर असतो असं शाळेच्या भिंतीवर रंगवलंय. आमच्या गावात तो मी होतो. भिंत पुन्हा रंगवायला पाहिजे.

घरी गेलो तर ती चिडलेली नव्हती, हे जास्त वाईट. म्हणाली, "पप्पा, तुम्ही वाईट नाही. तुम्हाला सवय आहे. सवयीला समजावून सांगून भागत नाही, तिच्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो."

मी म्हणालो, "बरं."

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा माजलगावकडचा, धरणाच्या पाण्यावर ऊस असलेलं घर. मुलगा सरळ, त्याला ठराव सांगितला तर म्हणाला, "आमच्याकडंही करा की." त्याचे वडील मात्र साहेबांच्या जवळचे. माझी शाळा ज्या संस्थेची तीही साहेबांच्या पाहुण्यांची. दादांनी मला पत्रिका वाटतानाच सांगून ठेवलं, "सर, ठराव मोडायला बी लग्नच लागतं, आन् बदली करायला नुसता कागद. इचार करा."

विचार केला. भीती वाटली, ती कशाला लपवू? वर लेकीची बीडची बस दिसत होती. तिची बॅग खरंच भरलेली होती, तिच्या आईनं मला दाखवली. नवरीच्या बॅगा असतातच, पण ही वेगळी होती, तिच्यात नर्सिंगची पुस्तकं होती.

मग मी आयुष्यातलं एकमेव शहाणपण केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आबांच्या वस्तीवर गेलो. म्हणालो, "आबा, उद्या माईक तुम्ही सांभाळायचा. मला द्यायचा नाही."

"तुमाला न्हाई?"

"कोणालाच नाही. पण मला तर मुळीच नाही. मी मागितला, रडलो, पाया पडलो, तरी नाही."

आबा म्हणाले, "सर, मेंढरू राखणं सोपं हाय. तुमी जरा अवघड." पण हो म्हणाले.

लग्नाच्या सकाळी लेकीनं हळदीच्या अंगानं, सगळ्या पाहुण्या बायकांच्या देखत, दीड भाकरी पिठल्याशी खाल्ली. एक आत्या म्हणाली, "अगं बाई, नवरी जेवती का कुठं?" लेक म्हणाली, "आत्या, मला आज पडायचं नाही." मी दारातून बघत होतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी दादांचा फोन वाजला. दादा उभे राहिले. मला कळलंच. ते माझ्या कोपराला धरून बाजूला घेऊन गेले. "मांजरसुंब्याला आलेत. थांबवा म्हनले."

मुलाचे वडीलही आले, माझे व्याही. चांगला माणूस, घामाघूम झालेला. "पाव्हणं, पाच मिनिटं. माझ्यासाठी. साहेब नाराज झाले तर आम्हाला तिकडं राहायचंय."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हो हो, पाच मिनिटांनी काय होतंय." तोंड हे असं आहे माझं. मी मनात 'नाही' म्हणत असतानाच ते 'हो' म्हणून मोकळं होतं.

मी स्टेजमागं गेलो. आबा माईकच्या पेटीवर बसले होते. नवं धोतर, डोक्याला फेटा, काठी मांडीवर आडवी. माईक बंडीच्या खिशात खोचलेला, जसा कोणी पेन खोचतो.

"आबा, जरा माईक द्या. एक सूचना करायची."

"कसली?"

"साहेब येतायत. पाचच मिनिटं..."

"न्हाई."

"अहो, व्याह्यांचा शब्द आहे!"

"न्हाई."

मी हात घातला. त्यांनी काठी हलकेच पुढं केली. मारली नाही, नुसती आडवी केली, मेंढरू पिकात शिरायला लागलं की करतात तशी. मी जागच्या जागी थांबलो. आता दादाही आले. आले ते मालकाच्या आवाजात आले. "आबा, द्या हिकडं. लगीन सरांच्या पोरीचं हाय, सर मागतेत, तुमचा काय संबंध?"

आबा उठून उभे राहिले. दादांपुढं ते नेहमी उभेच राहायचे, पण मान खाली घालून. या वेळी मान सरळ होती. "दादा, मी कोन सांगनारा? मी काय सांगतच न्हाई. गावाचा ठराव हाय. तुमीच सही केली."

आपलीच सही आडवी येते तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी जवळून बघितलं, आणि लेकीचं ते बोट दाखवण्याचं बोलणं मला वर्षानं कळलं. साहेबांपेक्षा मोठा माणूस आमच्या गावात कोणी नाही. होणारही नाही. पण तीन ओळींचा एक कागद होता, आणि त्या कागदामागं उभं राहिलं की आबांची उंची दादांएवढी होत होती. मला वाटतं माणसं पुढं सरकली असतील ती अशीच, कोणी एकदम शूर झाल्यानं नव्हे. भित्र्यालाही मागं उभं राहता येईल अशी कसली तरी भिंत कोणीतरी आधी बांधून ठेवली म्हणून.

आबांनी खिशातून माईक काढला. आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. तोंडापासून हातभर लांब धरून, डोंगरावर हाकारा घालावा तसे ओरडले, "बारा पस्तीस झाले! ऊन चढलंय! समदे सावलीला या, अक्षदा घ्या! नवरीला हुबं करू नका!"

आमचं माईकचं मशीन किंचाळलं. अर्ध्या मांडवानं कानावर हात ठेवले. गुरुजींच्या हातातली पोथी पडली, त्यात दोन-तीन मिनिटं गेली, तेवढा उशीर मी माझ्या नावावर घेतो. स्टेजवरून लेक माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. व्याही माझ्याकडं बघत होते, त्यांच्याकडंही मान हलवली, दोन्ही बाजूंनी हलेल अशी. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि मावशीनं पहिल्या कडव्यालाच मूठभर अक्षता टाकून दिल्या. म्हणाली, "टाकून टाका गं, पुन्हा थांबवतील."

साहेब तीन वाजून दहा मिनिटांनी आले. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. मी पुढं झालो.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं साहेब. बारा पस्तीसला. जेवण राहिलंय, बसा."

त्यांनी रिकाम्या स्टेजकडं बघितलं. गळ्यात घालायला हार नव्हता, बोलायला माईक नव्हता. माईक आबांच्या खिशात, आणि आबा मेंढरं झाडाखालून उठवायला गेलेले. साहेब खाली बसले, वरणभात जेवले, बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली. खरं सांगतो, भुकेले होते. त्यांनाही दिवसाला दहा लग्नांत थांबवत असतील लोक. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तुमचा आवाज मोठा आहे म्हणे." हसून गाडीत बसले.

जूनमध्ये बदलीचा कागद आला. संस्थेची दुसरी शाळा, मांजरसुंब्याच्याही पुढं. सकाळी अंधारातून निघायचं, बीडला एक बस बदलायची, मांजरसुंब्याला दुसरी. दादा भेटले तेव्हा म्हणाले, "सांगितलं व्हतं." मी म्हणालो, "ठराव मागं घेत नाही." हे मी म्हणालो याचं मलाच नवल वाटलं. या वेळीही तोंडानं मला विचारलं नाही, पण बोललं ते बरोबर बोललं. त्यानंतर दादांच्या घरी लग्न झालं, तेही वेळेवर. दादांनी कारण सांगितलं, आचारी घाई करत होता.

व्याह्यांच्या गावचे दोघेजण ठरावाची नक्कल मागायला आले होते. त्यांना झेरॉक्स काढून दिली. त्यांनी वर माझं नाव लिहू का विचारलं. मी नको म्हणालो. लोक हसले होते एवढं सांगा, म्हणालो.

परवा शनिवारी गावात लग्न होतं. सकाळची शाळा, अकराला सुटलो, सव्वाअकराला मांजरसुंब्याला उतरलो तर पुढची बस बंद पडलेली, दुसरीची वाट बघत सव्वाबारा झाले. नव्या माईकवाल्याला नाही, आबांना फोन लावला.

"आबा, मी बोलतोय. जरा थांबवता का? मी मांजरसुंब्याला आलोय."

पलीकडं आबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी म्हणालो, "अहो खरंच! आईशप्पथ खरंच मांजरसुंब्याला आहे, ढाब्यासमोर उभा आहे!"

"ऱ्हावा मंग," आबा म्हणाले. "बारा पस्तीस हाय, सर." पण फोन बंद केला नाही. मांडवातच ठेवला असावा.

मी ढाब्यात बसून वरणभात मागवला. बरोबर वेळेला फोनमधून मंगलाष्टका ऐकू यायला लागल्या, मध्ये मावशीचा आवाज, बायकांचं हसणं. मी ताटातली दोन शितं चिमटीत उचलली. कुठं टाकावीत कळेना. समोर एक ट्रकवाला माझ्याकडं बघत होता. शेवटी खाऊन टाकली.